आबांच्या ढोलकीसाठी सबवूफर

६ मार्च २००५
सबवूफर आणला, जड आवाजाचा स्पीकर. पुण्याहून एसटीत, मांडीवर. बोरीत दारात पाऊल टाकलं तर सुमन म्हणाली, "पोरांच्या अभ्यासाला टेबल नाय, अन् हे काय आणलंय?"
जोडायला बसलो. ॲम्प्लिफायरच्या मागं सबची पिन लावायला जागाच नाही. दुकानदार म्हणाला होता, "कशालाबी जोडा राव." कशालाबी!

७ मार्च
कॅसेट तीच. जलसा पार्टीचा शेवटचा कार्यक्रम, वीस-बावीस वर्षांपूर्वीचा. गाणारे नाना, म्हणजे आबांचे चुलतभाऊ, पिंपळवंडीचे. ढोलकी आबांची, माझ्या वडलांची. एका कडव्यात ताल तुटला, लोक हसले. आबा म्हणतात नाना चुकले. नाना म्हणतात ढोलकी चुकली. पार्टी मोडली, बोलणं बंद. माझ्या लग्नालाही नाना आले नाहीत.
आमच्या वीतभर स्पीकरांत नाना येतात, झांज येते. ढोलकीची नुसती टिकटिक, तीही झांजेत बुडते; डाव्या पुडीचा जड घुमारा येतच नाही.
आता विहारातली मंडळी जयंतीला दोघांचा एकत्र सत्कार करायचा म्हणतायत. आबा: "आदी घुमारा ऐकू यिऊ दे. कोन चुकलं ते कळू दे. तवर त्याच्या शेजारी बसनार न्हाई."

१० मार्च
स्पीकरच्या वायरी सोलून सबच्या बारक्या भोकांत खुपसल्या. फाटका आवाज. मग फट्. ॲम्पचा फ्यूज गेला.
वीस वर्षं खांबावर चढतोय. अख्ख्या गावाची लाइन जोडतो, आणि घरातल्या चार वायरी...

१४ मार्च
सबच्या पाठीवर वायर दाबायच्या क्लिपा होत्याच. वर कागद चिकटवलेला, तो मी काढलाच नव्हता. गाढव.
ॲम्पमधून सबमध्ये, सबमधून दोन्ही स्पीकरांना. चालू झालं! पण घूंऽऽ. टेप बंद केली तरी घूंऽऽ.
आबा: "आग्यामोहळ हाय का त्यात?"

१५ मार्च
लोडशेडिंग. मला सुट्टी तेव्हा लाइट नाही, लाइट आहे तेव्हा मी खांबावर. लोक रस्त्यात अडवून मलाच शिव्या देतात. आज मीही दिल्या. कुणाला, ते माहीत नाही.

१९ मार्च
अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक. वायरमनच्या घरचा! मीठ, कोळसा, चार घागरी पाणी. सुमन: "तेवढं लिंबाला घातलं असतं तर लिंबं तरी लागली असती." घूं निम्मी झाली. सगळे प्लग एकाच बोर्डात आणले, तेव्हा उरलेली गेली.

२३ मार्च
घूं गेली, घुमाराही गेला. आबांच्या खाटेपाशी काहीच नाही. बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. सुमन स्वयंपाकघरातून ओरडली, "हितं डबं थरथरत्यात, अन् तुमी म्हणता आवाज नाय!"
जाऊन पाहिलं. खरंच थरथरत होते. डब्यांना ऐकू येतंय, आबांना नाही. उगाच तिच्यावरच खेकसलो.

२७ मार्च
मागं एक बारकं बटण होतं, ०/१८०. आज डोक्यात प्रकाश पडला. सब हवा पुढं ढकलतो तेव्हा स्पीकर मागं ओढत होते, एकमेकांचा आवाज खात होते. बटण उलटं केलं. सब कोपऱ्यातून काढून खाटेजवळ ठेवला.
आला. गोल, जड. खाट हादरली. आबा उठून बसले. पहिली दोन गाणी मांडीवर बोटं चालू. "हा मी. ऐक. हा मी हाय." सुमन पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली.
मग ते कडवं.
नाना सरळ चालले होते. घुमारा मात्रेच्या आधी पडला. स्वच्छ ऐकू आलं. मग नाना थांबले, एक ओळ परत घेतली, आबांना जागेवर आणलं.
"परत लाव."
लावलं. तीन वेळा.
"बंद कर."

२९ मार्च
आबा कॅसेट लावू देत नाहीत. मी म्हणालो, टेप जुनी आहे, ओढली गेली असेल.
"टेप वढली असती तर नानाबी वढला असता. मला ताल शिकवतो का?"
तीन आठवडे मरमर केली ती कशासाठी? आबा खुलतील म्हणून. सुमन म्हणाली, "नसतं जोडलं तर बरं व्हतं." राग आला. ती चुकीचं बोलली असती तर कमी आला असता.

२ एप्रिल
विहारातले दोघं विचारायला आले. आबा: "नानाचं नाव घाला. माझं ऱ्हाऊ द्या."
"आवं पण का, आबा?"
"ऱ्हाऊ द्या म्हनलं ना."
ते माझ्याकडं बघायला लागले. मी सांगू शकत होतो. नाही सांगितलं.

८ एप्रिल
सकाळी आबा धुतलेला सदरा घालून गाडीपाशी उभे. "पिंपळवंडीला चल."
नाना अंगणात कांदा निवडत बसले होते. किती थकलेत. वर बघितलं, ओळखायला वेळ लागला. मग म्हणाले, "या, पावणं."
पावणं! एका ताटात जेवलेले दोघं.
आबांनी चपला काढल्या, ढिगाऱ्याच्या अलीकडं बसले आणि कांदा निवडायला लागले. नानांनी अडवलं नाही. सडका एका बाजूला, चांगला एका बाजूला. सुनेनं चहा आणला. दोघांनी घेतला.
माझी ड्यूटीची वेळ झाली. म्हणालो, आबा, निघायचं?
"तू जा. मी येतो एसटीनं."
आता साडेसहा वाजलेत. दोन गाड्या येऊन गेल्या. सुमन दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली. आबा अजून आले नाहीत.