फोनवरच्या बाईजवळ रडला

शुक्रवार, सप्टेंबर १९८४. रात्र.

डोकं तापलं म्हणून लिहून राहिली. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून मीच त्याले औषधाच्या दुकानातल्या फोनवर नेलं. कोणी एक बाई फोनवरून दारुड्यांले समजावते म्हणे. आधी मी बोलली. तर ती म्हणते, "ताई, तुम्ही थांबा, त्यांनाच द्या."

दिला. माझ्या अंगावर कुत्र्यासारखा धावणारा हा माणूस तिले म्हणतो, "हो जी. नाही जी." इतक्या वर्षांत मले एक जी नाही! दुकानदार औषधाच्या शिश्या पुसायचं सोडून ऐकून राहिला. मग हा रडला. "कापड विणताना मागावर हात थरथरते जी, दारू घेतली का थांबते. घरी कोणाले सांगू?"

कोणाले सांगू? मी काय मेली होती? त्याच्याच मागाजवळ बसून सुताच्या कांड्या भरते मी रोज. आणि त्या न पाहिलेल्या बाईले, जी!

येताना विचारलं, "मले काहून नाही सांगतलं?"

"तू ओरडली असती वं."

"नसती ओरडली!" भर रस्त्यात ओरडली मी. लोक थांबून पाहून राहिले.

आज त्यानं घेतली नाही. मागावर नुसता बसून आहे, हात मांडीखाली दाबून. जवळ जाऊन बसू का? बसली तर काय बोलू? गोड बोलणं मले येत नाही. त्या मेलीलेच विचारावं, तर दुकान बंद झालं.