बक्कल कुठल्या बाजूला

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. कंबर धरली आहे, त्याचं कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे, भावोजींची साखर आणि मांजराचा डोळा, सगळं आटोक्यात असावं. इकडे तुझी भावजय बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते आणि माझ्याशी कामापुरतं बोलते. काल काही काम नव्हतं. पत्र आपलं सहज लिहितोय, खास कारण असं काही नाही.

चिरंजीव तुझ्याकडे येऊन पाच महिने झाले. का आला ते त्याने सांगितलं नसणारच (तोंड उघडायचं नाही, हा गुण माझ्याकडून गेलाय). तुला त्याची ती मित्रमंडळी ठाऊक आहेत ना? काळे कपडे, साखळ्या, पायात चार चार किलोचे बूट, आणि एकीचे केस तर शाईच्या दौतीत बुडवल्यासारखे निळे. या मंडळींत पोरं किल्ट घालतात. किल्ट म्हणजे गुडघ्यापर्यंतचं वस्त्र, पुढून सपाट, मागे चुण्या, कमरेला पट्टा-बक्कल. मी ऐकल्याबरोबर घागरा म्हणालो. तो हसला, म्हणाला, म्हणा काय म्हणायचं ते, पण शिवून तुम्हीच द्या, तुमच्यासारख्या चुण्या कुणाला जमत नाहीत. ताई, एकतीस वर्षं दुकान चालवतोय, पण घरातल्या माणसाने कौतुक केलेलं मला आठवत नाही. मी विरघळलो. सात मीटर काळं कापड, चोवीस चुण्या, प्रत्येक चुणी हाताने टाचली. घागरा घागरा म्हणत, मजेत शिवला.

आणि बक्कल डावीकडे लावलं.

तुला यातलं कळणार नाही म्हणून सांगतो. पुरुषांची बटणं उजवीकडे, बायकांची डावीकडे, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. किल्टचंही तसंच. चिरंजीवांना हा धडा मीच दिला होता, सात वर्षांचा असताना, बटणांच्या डब्यापाशी बसवून. आता तोंडाने दिवसभर घागरा म्हटल्यावर हात बिचारा काय करणार, त्याने बायकांची बाजू धरली. पोराने अंगावर चढवला, आरशात पाहिलं, बक्कल चाचपलं आणि विचारलं, "बाबा, हे चुकून झालंय ना?"

हो म्हणायला काय जात होतं माझं? पण एकतीस वर्षांत माझी बाजू एकदाही चुकली नव्हती. हात चुकला हे तोंडातून निघेना. मी म्हणालो, "मुद्दाम लावलंय."

त्याने किल्ट काढला, घडी चुण्यांवरच घातली (तेही मीच शिकवलेलं) आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे आला. लाज वाटते ताई. पोरापेक्षा मी माझी टीप सांभाळली.

मग दुसरा शिवायला घेतला. चुण्या मागून कशा पडतात ते कळेना, म्हणून दुपारी दुकान बंद करून स्वतःच नेसलो आणि कापडं बेतायच्या टेबलावर चढलो. दुकान बंद केलं म्हणजे नुसतं दार लोटलं होतं, हे शाळेच्या मुख्याध्यापिका गणवेशाचं विचारायला आत आल्यावर लक्षात आलं. मी घाईने उतरायला गेलो, बाईंच्या पायाशी पडलो आणि तिथेच कंबर धरली. बाईंनी चष्मा सावरून मला नीट पाहिलं आणि मागची बाजू अर्धा इंच खाली आहे म्हणाल्या. खरंच होती. उसवून परत घातली. खरं सांगू? अंगावर छान दिसतो गं. पोराचं काही चुकलं नव्हतं.

बाकी सगळं ठीक. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत पार्सल आहे, ते त्याला दे. बक्कल उजवीकडे आहे. कमरेच्या पट्टीला आतून खडूने लिहिलंय, 'चूक झाली'. खडू आहे, तेव्हा कापड झटकू नकोस.

आणखी ता. क. कंबर बत्तीस धरली आहे, पण पाच महिन्यांत वाळला असेल, नीट जेवत नाही तो. पार्सलमध्ये माझा टेप ठेवलाय, माप घेऊन कळव. माप घेताना दोन्ही हात त्याच्या पाठीमागून फिरवावे लागतात. ते जरा सावकाश कर, माझ्या वाटचं समजून. आकडा कळवायचा राहिला तरी चालेल.