नितीनच्या गाडीची चाकं

३ फेब्रुवारी
नितीन आला. सात महिन्यांनी. लेथ मशीन बंद करतच होती, तं दारात एक अलॉय चाक घेऊन उभा. बस म्हटलं नाही, तरी बसला. गाडीले जुन्या कारचे हब (चाक ज्यावर बसते ते) आहेत, त्यावर ही चाकं बसत नाहीत म्हणे. मोजून पाहिलं. बोल्ट दोन्हीकडे चारच. पण हबवर ते १०० मि.मी.च्या वर्तुळात, चाकावर ११४.३ च्या. मधात जाड चकती टाकावी लागेल. चार भोकं हबसाठी, चार स्टड, म्हणजे बाहेर आलेले बोल्ट, चाकासाठी. अशा चार चकत्या.
कधी पाह्यजे, विचारलं.
"वीस-बावीसपर्यंत. सत्तावीसले लग्न आहे माझं. वरात याच गाडीत काढू म्हणतात घरचे."
बरं म्हटलं. तो गेल्यावर शटर ओढलं आणि स्टुलावर बसून राहिली. कायले हो म्हटलं मी?

४ फेब्रु.
रात्रभर तेच. ही गाडी आम्ही दोघांनी केली. आयटीआयमधी तो मोटर मेकॅनिक, मी टर्नर. चार वर्षांआधी त्यानं फायबरची बॉडी अन् पाइपाची चासी असा जोडायचा कीट मागवला. तो गॅरेजात जोडत गेला, मी इथं लेथवर बुश, पिना, स्टेअरिंगची कॉलर काढून देत गेली. अशा गाडीची आरटीओत पासिंग होत नाही, हे माहीत होतं. तरी केली. दोनच सीटा. मागच्या जुलैत म्हणाला, आज घरी तुझ्याबद्दल बोलतो. त्याचे वडील साकोलीतले धानाचे व्यापारी, आम्ही तलावातले मासे विकणारे. काय बोलणं झालं, आजपर्यंत सांगतलं नाही. येणं बंद झालं, एवढंच.
आई सकाळी म्हणाली, "तू काहून करून राहिली त्याचं काम? साकोलीत दुसरे लेथवाले नाहीत का?"
आहेत. दोन आहेत.

७ फेब्रु.
परवा नागपूरहून लोखंड आलं. पंचवीस मि.मी. जाडीचे चार तुकडे. दोन दिवस नुसतं टर्निंग. चकतीच्या मधोमध ओठ, म्हणजे उंच गोल कडा, काढला, चाक त्यावर घट्ट बसलं पाह्यजे. भार त्यानं झेलायचा, नुसत्या बोल्टांवर टाकायचा नाही. नि.ले हे फोनवर समजावलं. "तुले जसं वाटते तसं कर" म्हणाला. हे वाक्य त्यानं गाडीबद्दलच वापरलं आजवर.
काम चालू असते तोवर रडू येत नाही. मशीन बंद केली की येते. म्हणून आज जेवाले पण उशिरा गेली.

११ फेब्रु.
नि. होणाऱ्या बायकोले घेऊन आला. प्राजक्ता. भंडाऱ्याची, घरचं पितळी भांड्यांचं दुकान. मनाशी ठरवलं होतं, वर पाहायचंच नाही. पण ती थेट मशीनपाशी आली. हे कसं चालते, हे काय करते, सगळं विचारलं. मग "मी फिरवून पाहू का ताई?" हँडल तिच्या हाती दिलं, वरून माझा हात ठेवला. तिचे हात थंडगार. लोखंडाची निळी कात निघाली लांब, गुंडाळलेली. खूप खुश झाली. कागदात बांधून पर्समधी टाकली. नि. दारात उभा राहून मोबाइल पाहत होता.
जाताना मले विचारते, तुम्ही दोघं सोबत शिकले ना? हो म्हटलं.
राग करता आला असता तं बरं झालं असतं.
ती गेल्यावर चौथ्या चकतीची भोकं पाडली.

१५ फेब्रु.
गॅरेजात चकत्या बसवल्या. तीन बरोबर. चौथी, पुढची डावी, मापाची डायल लावून फिरवली तं काटा अर्ध्या मि.मी.च्या वर हलते. चाक लावून फिरवलं तं डोळ्यानं दिसते, लंगडते.
नि. म्हणाला, "राहू दे ना. वरातीत कोण वीसच्या वर नेते?"
काढली. परत आणून कटरनं दोन तुकडे केले, कोणी चुकून लावू नये म्हणून.
इथं खरं लिहिते. ही चकती बिघडली, हे त्याच दिवशी कळलं होतं. ड्रिल सरकलं तेव्हा हाताले कळलं. मापून पाहिली नाही. मनात आलं होतं, जाऊ दे. त्या डाव्या सीटवर कोण बसणार, हे माहीत असून. घरी येऊन आंघोळ केली. आईले सांगावंसं वाटलं. सांगतलं नाही.

१८ फेब्रु.
नवीन चकती. मार्किंग तीनदा. डायलचा काटा जागचा हलत नाही. इतकं साफ काम मी आजवर केलं नसेल.

१९ फेब्रु.
चाकं लागली. पंचवीस मि.मी. बाहेर आल्यानं मडगार्डले घासत होती, नि.नं फायबर कापून जागा केली. सुंदर दिसते गाडी. दोघांनी फिरून चारही बाजूंनी पाहिली.
दुपारी चारले तलावाच्या पाळीवर नेली, तिथं रहदारी नाही. मी बाजूले बसली. चाळीस, पन्नास. स्टेअरिंग थरथरत नाही. मधात त्यानं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं नाही.
"बाबांनी एकदाच विचारलं. तिच्यासाठी घर सोडशील का म्हणून. मी चूप राहिलो. मग सगळं तेच ठरवत गेले."
"मले सांगाले काय झालं होतं?"
"तू रडली असती."
"मी तशीही रडलीच, नितीन. फक्त कशासाठी, ते माहीत नव्हतं."
त्यानं गाडी पुन्हा गिअरमधी टाकली. पाण्यात माझ्या बाबांचा डोंगा होता, जाळं ओढत होते. आमच्याकडे पाहिलं त्यांनी. मग तोंड फिरवलं आणि ओढत राहिले.
घरी बाबांनी विचारलं नाही. पण ताटात माशाचा मोठा तुकडा मले वाढला.

२० फेब्रु.
काही नाही. ताप.

२३ फेब्रु.
दुपारी प्राजक्ता एकटी आली, एसटीनं. घरी टेलरकडे जाते म्हणून सांगतलं म्हणे. पाणी दिलं. पाणी न पिता ग्लास हातात धरून बसली.
"काल त्यांनी तुमच्या दोघांचं सांगतलं. मीच खोदून विचारलं, तेव्हा. तुम्ही मले एक सांगा ताई. बसू का मी त्या गाडीत?"
मी आधी चाकांचंच सांगतलं. चकत्या पक्क्या आहेत, एक बिघडली होती ती फेकली, नट स्वतः आवळले. खरं म्हणजे बोलतच सुटली. तिनं सगळं ऐकून घेतलं.
"चाकांवर भरवसा आहे माझा," म्हणाली. "माणसाचं विचारते. मी त्यांना चार वेळा भेटली. तुम्ही बारा वर्षं ओळखता."
तिच्या हातातला ग्लास घेऊन बाजूले ठेवला. उद्या सांगते म्हटलं.
"उद्याच सांगा. परवा हळद आहे."
साडेचारच्या एसटीनं गेली.

२४ फेब्रु.
नको बस म्हटलं तं लोक म्हणतील, मासेवाल्याच्या पोरीनं लग्न मोडलं. ते सहन होईल. पण मी खरंच तिच्यासाठी म्हणीन, की माझ्यासाठी? बस म्हटलं तं तिले तोच माणूस मिळेल, जो वेळेवर चूप राहते. वाईट नाही तो. कोणाले त्रास देत नाही. आजारी पडली तं रात्रभर उशाशी बसेल. आणि कोणी एक प्रश्न विचारला की खाली पाहील. हे दोन्ही सांगायचं का? सांगून ती काय करेल तीन दिवसांत?
मी बसली असती का, हे आज पहिल्यांदा स्वतःले विचारलं. चार वर्षं कधी विचारलं नव्हतं. लगेच हो आलं नाही. त्याचंच जास्त रडू आलं.
फोनवर बोलायची गोष्ट नाही. आईले म्हटलं, भंडाऱ्याले जाऊन येते. तिनं डबा दिला, कायले ते विचारलं नाही. साकोली स्टँडवर बसून लिहून राहिली. नि.चे दोन मिस कॉल. उचलले नाही.
काय सांगीन, अजून माहीत नाही. भंडाऱ्याची एसटी लागली.