शेजारच्या टेबलावरची नक्कल

सोमवार, ३ मार्च

तिने कानात बोळे घातले!

अगदी माझ्यासारखेच. पिवळे, दाबून बसवायचे. पॉलिशची मोटर सुरू झाली, मी माझे घातले आणि मान वर केली, तर शेजारच्या टेबलावर ती नवी लागलेली मुलगी पण बोळे दाबत होती. आधी डावा, मग उजवा. मीही आधी डावाच घालते.

असेल योगायोग. दातांच्या कॅपा आणि कवळ्या बनवायच्या ठिकाणी आवाज असणारच. पण पॉलिशवाला इतकी वर्षं त्या मोटरीशी तोंड लावून बसलाय, त्याने कधी घातले नाहीत. मला मात्र ऐकवतो— "बाईसाहेब, आमच्याशी बोलायचं नाही तर सरळ सांगा की!"

नजर ठेवायला हवी.

बुधवार, ५ मार्च

मी डबा प्लॅस्टरच्या खोलीत खाते. उभ्याने, खिडकीपाशी. चहाच्या खोलीत सगळे एकदम चावतात, एकदम बोलतात, माझा घास तोंडातच फिरत राहतो. इतक्या महिन्यांत तिकडे कोणी आलं नाही. तीच तर त्या खोलीची मजा!

आज नवी आली. डबा घेऊन. दुसऱ्या खिडकीपाशी उभी राहिली, खाल्लं, डबा विसळला, गेली. एक शब्द नाही.

ही मला हाकही मारत नाही. ना बाई, ना मॅडम, ना अहो. मेण हवं असलं की टेबलाशेजारी येऊन उभी राहते, मी बघेपर्यंत. मांजर बरं. निदान म्याव करतं.

ताईला फोन केला. ताई म्हणाली, "अगं, मैत्री करायची असेल तिला."

"मैत्री करायची असली की लोक बोलतात."

"तू बोलतेस?"

फोन ठेवून दिला. थोरली बहीण म्हणजे फुकटची वकील— नेहमी दुसऱ्या पक्षाची.

शुक्रवार, ७ मार्च

आता योगायोग वगैरे म्हणायला जागा नाही. तिने आपल्या टेबलावरची ट्यूबलाइट काढायला लावली! माझ्या डोक्यावरची ट्यूब मी मागेच काढून घेतलीय— ती झिणझिणते, इतरांना ऐकू येत नाही— आणि खिडकीच्या उजेडात काम करते. आज नवीच्या डोक्यावरही नुसते दोन हुक लोंबतायत. आणि साहेबांनी काही सांगितलं की "हो" म्हणायचं सोडून ती "समजलं" म्हणते. ते माझं आहे. "हो" म्हटलं की लोकांना वाटतं मी कबूल केलं. म्हणून मी "समजलं" म्हणते.

पॉलिशवाल्याच्याही लक्षात आलंय. सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, नवी म्हणजे बाईसाहेबांची झेरॉक्स निघाली! आता एकीचा पगार वाचवा." सगळे हसले. नवीसुद्धा हसली. जरा उशिरा, बाकीच्यांकडे बघून झाल्यावर. म्हणजे ठरवून हसली!

घरी येऊन भांडी घासताना एक कप फोडला.

रविवार, ९ मार्च

सुट्टी. दार लावून बसले.

शाळेत एकदा मधल्या सुट्टीत मी मैदानाच्या कडेकडेने चालत होते, टाचा उचलून, माझी सवय. मागे वळून बघितलं तर वर्गातल्या मुली रांगेने माझ्या मागून येतायत, सगळ्या टाचा उचलून! मला इतका आनंद झाला. वाटलं, खेळ सुरू झाला आणि मी पुढे आहे. मी आणखी टाचा उचलल्या. हात पसरले. पूर्ण फेरी मारली. दाराशी ताई उभी होती. तिने माझं मनगट धरलं आणि ओढत नेलं. "वेडी आहेस का? तुझी टिंगल करतायत त्या!"

त्या दिवसापासून मी शिकायला लागले. चालायला ताईसारखं, हसायला ताईसारखं. कुणी बोलताना मान किती वेळा हलवायची, तेसुद्धा तिच्याकडूनच. गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी त्याला नाव दिलं— ऑटिझम. चाळिशी उलटल्यावर! म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्यांची नक्कल करत आलात. दमणार नाही तर काय?" रिक्षात रडले. दुःख असं नव्हतं. जड पिशवी खाली ठेवल्यावर बोटं दुखतात, तसं काहीतरी.

तेव्हापासून कामावर थोडं थोडं खरं वागते. बोळे, ट्यूब, खिडकीपाशी डबा. का, ते कुणाला सांगितलेलं नाही. फक्त ताईला माहीत आहे.

ताईने कुणाला सांगितलं असेल? तिची एक मैत्रीण साहेबांच्या मेहुणीच्या ओळखीची आहे.

लपण्यासाठी केलेली नक्कल मला कळते. तो माझा धंदाच आहे, दोन्ही अर्थांनी. कॅप म्हणजे दुसरं काय? शेजारच्या दाताची नक्कल. ती बसली की कुणाच्या नजरेत येत नाही, हेच तिचं काम. पण नवीची नक्कल नजरेत भरते! म्हणजे ती लपायला केलेली नाही. दाखवायला केलेली आहे. मैदानावरच्या मुलींसारखी.

एकदा फसले. परत नाही.

सोमवार, १० मार्च

सापळा लावला.

कॅप भट्टीत ठेवण्याआधी टेबलावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचं. टक टक. याला काहीही कारण नाही. कारण नसलेलंच हवं होतं. आवाज, उजेड, गर्दी यांचा त्रास तिलाही होतो असं ती म्हणू शकेल. पण रिकाम्या टेबलावर टक टक? त्याला काय सबब सांगणार?

आज प्रत्येक कॅपला ठोकलं. ती बघत होती. मीही बघत होते— ती बघतेय का ते.

मंगळवार, ११ मार्च

ठोकलं!! टक टक! पकडली!

बुधवार, १२ मार्च

आजही. मी ठोकलं की थोड्या वेळाने तिकडून टक टक. दिवसभर. पॉलिशवाला म्हणाला, "दार उघडा कुणीतरी, पाहुणे आलेत." हातात धरलेल्या कॅपचा रंग मला दिसेना, इतका राग आला.

गुरुवार, १३ मार्च

साहेबांकडे गेले. शब्द रात्रीच पाठ करून ठेवले होते. "नवी माझी टिंगल करते. मी जे करते त्याची नक्कल करते. मला काम करता येत नाही." बोलताना त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघितलं.

साहेब म्हणाले, "तुम्ही कधी कुणाबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच. तिला तसंही अजून पक्कं केलेलं नाही. हात चांगला आहे तिचा, पण बाकीच्यांशी जमत नाही. उद्या संध्याकाळी सांगतो, सोमवारपासून येऊ नको म्हणून."

हलकं वाटायला हवं होतं.

"जमत नाही." याआधीच्या दोन्ही नोकऱ्यांतून मला हेच म्हणून काढलं होतं. हात चांगला आहे, पण जमत नाही. अगदी याच क्रमाने.

जेवण गेलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च



दुपारी प्लॅस्टरच्या खोलीत नवी आपल्या खिडकीपाशी. संध्याकाळी हिला काय सांगणार आहेत ते मला माहीत आणि हिला नाही. असं एका खोलीत उभं राहवेना. सरळ विचारलं, "माझी नक्कल का करतेस?"

मला वाटलं नाकारेल. नाहीतर रडेल. ती म्हणाली, "साहेबांनी सांगितलंय."

"काय?"

"पहिल्या दिवशी. तुमच्याकडे बोट दाखवून म्हणाले, 'यांच्याकडे बघ. या करतील तसं सगळं कर, म्हणजे टिकशील.'" मग चमचा डब्यात ठेवून म्हणाली, "सगळं म्हणाले होते."

मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीच्या कडीकडे बघत होती. मी बटणाकडे बघते तशी.

"मला आधी वाटलं, अवघड जाईल," ती म्हणाली. एकदा सुरू झाल्यावर थांबेना. "आधीच्या ठिकाणी एक हसरी बाई होती, तिचं बघून करायचे. सगळ्यांशी बोलायचं, मध्ये मध्ये हात लावायचा. घरी जाऊन दिवा न लावता पडून राहायचे. आई म्हणायची, अशी काय गं तू, कामावर चांगली आणि घरात मढं! तुमचं करायला लागले आणि घरी जाऊन जेवायला लागले. बोळे घातले तर डोकं दुखायचं थांबलं. हे असं करायची परवानगी असते, ते मला माहीतच नव्हतं."

उशिराचं ते हसू! मी ओळखायला हवं होतं. जन्मभर तसंच हसलेय मी!

डबा तिथेच ठेवून साहेबांकडे धावले. पाठ केलेलं काही नव्हतं. "तिला काढू नका. तुम्हीच तिला सगळं करायला सांगितलंत."

"अहो बाई, ती बोलायची एक पद्धत असते!"

"ती पद्धत आम्हाला कळत नाही."

आम्हाला! हा शब्द मी स्वतःसाठी पहिल्यांदा वापरला. साहेबांनी विचारलं, आम्हाला म्हणजे कुणाला? तेव्हा सांगून टाकलं. ऑटिझम. माझं डॉक्टरांनी सांगितलेलं. तिचं मला माहीत नाही आणि विचारायचा हक्कही नाही. पण टिंगल ती करत नव्हती, चूक माझी होती.

साहेबांनी पेन उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "कामावर काही परिणाम होतो का त्याचा?"

"होतो. दात चांगले होतात."

ते हसले. मीही. उशिरा.

"राहू दे मग तिला. दोघींना एकच मोठं टेबल देऊ?"

"नको!" मी ओरडलेच. "दोन."

घरी आल्यावर ताईला फोन. तिच्यावर संशय घेतला तेही सांगून टाकलं. ती म्हणाली, "साहेबांच्या मेहुणीला मी ओळखतसुद्धा नाही, बावळट." मग, "त्या मैदानावर मी तुला ओढायला नको होतं का गं?"



शनिवार, १५ मार्च

सकाळी नवीला सांगितलं— टेबलावर ठोकायची गरज नाही, ते कामाचं नाही, तुला पकडायला मी मुद्दाम करत होते.

"कामाचं नाही ते कळलं होतं मला," ती म्हणाली. "ठोकताना तुम्ही माझ्याकडे बघायचात. काम करताना तुम्ही कुणाकडे बघत नाही."

"मग ठोकत का राहिलीस?"

"मला वाटलं, तुम्ही माझ्याशी बोलताय."