सतरा नंबरचा दात

६ जानेवारी
आजपासून कामाला लागले. आनंदनगरच्या लॅबमध्ये साफसफाई. काय काय पुसलं ते लिहायला मनाली मॅडमनी वही दिलीय. मागच्या पानांवर मी माझं लिहिते. इथे पोरांच्या पडलेल्या दातांचे मॉडेल करतात. दातात आधी जंतू सोडायचे, मग साफ करायचे, मग आत परत जिवंत मांस धरतं का ते बघायचं. जमलं तर किडलेले दात वाचतील. सगळे दात गरम पेटीत, गुलाबी पाण्यात, एकेकाची डबी, वर नंबर. लॅबमधला शिपाई मुकेश बोलतो, तुझी पोरगी ओवी आता घाबरून तरी ब्रश करेल.

९ जानेवारी
पुसताना डबी पालथी झाली. सतरा नंबरचा दात बेसिनच्या जाळीतून गेला. माझ्या पर्समध्ये ओवीचा दात होता, रविवारीच पडलेला. कौलावर फेकला की नवीन लवकर येतो, पण आमच्या बेलवलीच्या घरी चौथ्या मजल्यावर कौल कुठलं? गावी न्यायला ठेवलेला. तोच डबीत टाकला. मॅडमनी विचारलं, सगळे नीट ना? मी हो बोलले. मान वर झाली नाही.

१३ जानेवारी
सकाळी जंतू सोडले. दुपारी शाळेतून फोन, ओवीला ताप. दाताच्या रिकाम्या जागेला घाण वास.

१६ जानेवारी
अकरा वाजता मॅडमनी सतरा नंबर सुईने साफ केला. शाळेतल्या बाई फोनवर बोलल्या, अकरालाच ओवी वर्गात ओरडली, सुई नको.
सांगायला गेले. मॅडम बोलल्या, सरस्वती, तुझ्यासारखी प्रामाणिक बाई मिळत नाही. मग तोंडच उघडेना. पोरीपेक्षा मला माझी अब्रू मोठी. शी.

२० जानेवारी
फक्त सतरात मांस धरलं. मॅडमनी पेढे वाटले. ओवी झोपून. बोलते, आई, पाणी गुलाबी आहे. मी तिला कधी सांगितलं नव्हतं —

२२ जानेवारी
उद्या मॅडम सतरा नंबर कापून चकत्या करणार, आतून बघायला. आज सांगणार होते —
नाही सांगितलं.

२३ जानेवारी
मॅडम यायच्या आधी दात काढला. मागच्या शेडच्या पत्र्यावर फेकला, कौल समजून. घरंगळत गेला, अगदी कडेला अडकला.
शेजारच्या शीलाताईचा फोन. ओवी गच्चीच्या कठड्यावर उभी आहे. हाक मारली तर बघत नाही.
शिडी मागायची तर सगळं सांगावं लागेल —
मॅडम, तोंडाने जमत नाही म्हणून वहीच्या पुढच्या, तुमच्या पानावर लिहिते, दात मी —
पत्र्यावर कावळा बसला. दाताला चोच —