तिथे रांग नव्हती

भाईंदर,
गुरुवार, २ फेब्रुवारी १९३९

तीर्थस्वरूप धर्मादादास,

धाकट्या हिरूचा नमस्कार. मी बरी आहे. उत्तनला तुम्हीही सुखरूप असाल असं लिहिणार होते, पण आज ते लिहवत नाही.

आधी एक दुरुस्ती. दिवाळीनंतरच्या पत्रात मी लिहिलं होतं की मुंबईच्या इस्पितळात बाला रांगेत ठेवलं, मागून आलेल्या बाईला आधी घेतलं, आणि बा वाट बघत गेला. ते चूक आहे. तिथे रांग नव्हती. रेमंडकाकांनी तुला ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा अंगणात निम्मा पाडा जमला होता म्हणे. तेव्हा काका, हेही तितक्याच मोठ्यानं वाचा.

दादा, मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते आणि तू तेव्हा समुद्रात होतास. होडी वर ओढताना बा तिच्याखाली सापडला. मी त्याला जानूच्या मासळीच्या गाडीतून भाईंदरला आणि तिथून आगगाडीनं मुंबईला नेलं. इस्पितळाच्या दारातच नोरा नावाच्या नर्सबाईंनी त्याचं पोट दाबून पाहिलं आणि डॉक्टरांना हाक मारली. ते इंग्रजीत काही बोलले. बाला भिंतीकडच्या खाटेवर घेतलं. एवढ्यात एका गरोदर बाईला झोळीतून आणलं. पाय सुजलेले, झटके येत होते. डॉक्टर तिच्याकडे धावले.

मला वाटलं, आपला हक्क गेला. आपल्याकडे ज्याची होडी आधी वाळूला लागते त्याची मासळी आधी विकतात, त्यात कुणी मध्ये येत नाही. मी टेबलाशी जाऊन भांडले. "आम्ही आधी आलो." कारकून म्हणाला, "बाई, इथे आधी येण्याचं काही नसतं." शिकलेल्या मुलीला मनाला लागेल असं जेवढं बोलता येतं तेवढं सगळं मी त्याला बोलले. परत आले तेव्हा बा गेला होता.

मागच्या रविवारी मी बाला गुंडाळलेली चादर धुऊन परत द्यायला गेले. कुणी मागितली नव्हती. पण इस्पितळाचा शिक्का असलेली वस्तू ट्रंकेत ठेवून मला झोप येत नव्हती. शिवाय रविवारी मला कुणाकडे जायचं नसतं.

नोराबाईंनी लगेच ओळखलं. "तू ती भांडणारी." मग चहा दिला. दुसऱ्याच्या हातचा चहा मी बऱ्याच दिवसांनी प्यायले. म्हणाल्या, "लोक येताना आम्हाला देव म्हणतात, जाताना कसाई. विसरलेल्या चपला न्यायला परत येतात. चादर द्यायला तूच पहिली."

बाच्या पोटात रक्त साचलं होतं. डॉक्टरांनी दारातच ओळखलं होतं की करण्यासारखं काही उरलं नाही. नोराबाईंनी मला ते दोनदा मराठीत सांगितलं होतं म्हणे. मी ऐकत नव्हते. मी भांडत होते तेव्हा त्याचा हात धरून त्या बसल्या होत्या. बाला वाटलं, मीच आहे. "बाय, तू जा, शाला बुडंल," असं तो म्हणत राहिला. मी तुमची मुलगी नाही, असं त्या बोलल्या नाहीत. "जाते, बा," म्हणाल्या आणि बसून राहिल्या.

दादा, मी त्यांचे आभार मानायला हवे होते. मला त्यांचा हेवा वाटला. आभार स्टेशनावर आल्यावर सुचले.

त्या दुसऱ्या बाईचं विचारलं. ती वाचली, मूल गेलं. सूज आली, डोकं दुखायला लागलं, तेव्हाच आणली असती तर दोघं वाचली असती, असं त्या म्हणाल्या.

आज सकाळी जानू भेटला. "हौसावयनीचं डोकं लय दुखतंय. पाय सुजून टम्म झालेत. दिवा दोन दोन दिसतो म्हनते. सुईन म्हनते, मुंबईला न्या. पन धर्मा बोलला, रांगेत मराला न्हाय न्यायची."

ते शब्द माझे आहेत. गावात कुजबुज होती की हिरूनं नेला म्हणून बा परक्या ठिकाणी मेला, मुलाच्या हातचा अग्नीही मिळाला नाही. तेव्हा मी दोष दुसऱ्या कुणावर तरी टाकला. तू त्यानंतर माझ्याशी बोलला नाहीस. मी रोज शाळेआधी स्टेशनाकडे जाते ती मासळी घ्यायला नाही. उत्तनची बोली कानावर पडावी म्हणून जाते.

वहिनी नक्की वाचेल असं मी लिहिणार नाही. तिथे माणसंच आहेत. तिच्याहून वाईट अवस्थेतलं कुणी आलं तर तिला थांबावं लागेल. मग मी तिच्यापाशी बसून राहीन. टेबलाशी जाणार नाही.

समोर आले की तू ऐकत नाहीस, काका वाचतात तेव्हा ऐकतोस. म्हणून जानूच्या परतीच्या गाडीबरोबर हे पत्र पुढे धाडते आहे. टांगा आज मिळाला नाही. रात्रीत डोकेदुखी वाढली किंवा झटका आला तर माझी वाट बघू नकोस, जानूला उठव आणि निघ. नाहीतर तिची दोन लुगडी गाठोड्यात बांधून तिला तयार ठेव. दार लावलंस तर मी ओट्यावर बसेन, पण तिला घेतल्याशिवाय परतणार नाही. शाळेत रजा मागितली आहे, नोकरीतली पहिलीच.

मी येते आहे उद्या सकाळी, शुक्रवार, ३ फेब्रुवारीला.

तू बोलला नाहीस तरी तुझीच,
हिरू