आंबट बिअर आणि व्याह्यांकडची साखर

सौ. गोदेलीव्हताईस,

धाकट्या फिर्मिनचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला, की त्यांनी चिरूट थांबवला? (दोन्ही थांबणार नाहीत, ठाऊक आहे.) आमच्याकडे सगळं ठीक. इर्मा माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे.

तर रविवारी आपल्या टिनेकेच्या होणाऱ्या सासरी, पोपरिंग्याला, जेवायला जाऊन आलो. मुलगा, वाउट, सोन्यासारखा आहे. खोट एवढीच, की त्याचं सगळं खानदान काळी, गोडसर, जड बिअर पितं. निघताना टिनेकेने मला बजावलं, "बाबा, त्यांच्या बिअरला नावं ठेवलीत ना, तर आम्ही तुमच्याशिवाय लग्न उरकून टाकू." म्हणाली हसत हसत, पण डोळे हसत नव्हते. मी शपथ घेतली. आता नावं ठेवायची नाहीत म्हणजे आपली बिअर दाखवायचीच नाही, असं थोडंच आहे? मी तळघरातून टिनेके जन्मली त्या सालची बाटली काढली. आपली आंबट बिअर आडवी झोपून म्हातारी होते, वरची बाजू ओळखायला तिच्यावर खडूची रेघ असते आणि टेबलापर्यंत तिला तशीच आडवी न्यायची असते, नाहीतर गाळ उठतो, हे तुला सांगायला नको. म्हणून टोपली मांडीवर घेऊन मी सगळा रस्ता अवघडून बसलो. गाडी इर्मा चालवत होती आणि दर खड्ड्याला मी "अगं, हळू!" म्हणून ओरडत होतो. ("टिनेके तान्ही असताना तिला तुम्ही असं कधी धरलं नाहीत," असं इर्मा म्हणाली. मी टोपली आणखी घट्ट धरली, कारण रस्ता खराब होता.)

व्याही ओदिल हा अघळपघळ माणूस. दारातच त्याने बाटली टोपलीतून उपसली, कौतुकाने उभी केली, उलटी केली आणि पुन्हा उभी केली. (त्यांच्याकडे काही बिअरचा गाळ मुद्दाम ढवळून पितात म्हणे. हे ज्ञान मला उशिरा झालं.) मग त्याने बूच काढलं. म्हणजे त्याने फक्त बुचावरची तार सोडवली, बूच स्वतःच गेलं, ते दिव्यावर आदळलं, आणि निम्मी बिअर विहीणबाईंच्या नव्या टेबलक्लॉथवर सांडली. उरलेली ओदिलने काळ्या बिअरच्या रुंद तोंडाच्या पेल्यांत ओतली. ताई, आपल्याकडे माणूस एक वेळ दुसऱ्याचे जोडे घालेल, पण एका बिअरच्या पेल्यात दुसरी बिअर! मी टेबलाखाली इर्माचा हात घट्ट धरला. तिने मला चिमटा काढला. ओदिलने घोट घेतला, त्याचा एक डोळा आपोआप मिटला, आणि "छान आहे हो, झोप उडाली," असं तो म्हणाला. बिचारा खरोखर चांगला माणूस आहे.

एवढ्यावर भागलं असतं. पण ओदिलची आई, एमेरांसआजी, नव्वदीच्या घरातल्या. त्यांनी ओठ लावला, पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अरे, साखर द्या रे कुणीतरी. ही रुसलीय वाटतं कुणावर तरी." दोन खडे टाकून काट्याच्या पाठीने त्यांनी ते चिरडले. फेस वर आला, आणि माझ्या ओठांवर काय काय आलं ते लिहीत नाही. मी शपथ आठवत बसलो होतो. इतक्यात साखरेच्या भांड्याकडे आणखी एक हात गेला. टिनेकेचा. माझ्याकडे न बघता तिनेही दोन खडे टाकले आणि पहिल्यांदाच तोंड वाकडं न करता प्यायली.

ताई, पोरगी मोठी झाल्यापासून दर रविवारी मागच्या दारी आम्ही दोघं एक बाटली वाटून पितो. कुठल्या पिंपातली, कुठल्या सालची, लिंबाच्या सालीचा वास येतो की वाळल्या गवताचा, मी सांगत राहतो आणि ती मान डोलावते. तिला ती कधीच आवडली नव्हती! ती नुसती माझ्याजवळ बसायला येत होती. मला भरून आलं. मी साखरेचं भांडं तिच्याकडे सरकवलं आणि म्हणालो, "अजून एक घे, जुनी बाटली जरा जास्तच आंबट असते." ती आधी लाजली, मग खदखदून हसली.

पुढे सगळं गोडच झालं. ससाही काळ्या बिअरमध्येच शिजवलेला, आणि पेल्यातही तीच. मनुका आणि भाजलेल्या पावाची चव लागते. मी "बरी आहे" म्हणालो, तेव्हा टिनेकेने माझ्या टकलाचा मुका घेतला. लग्नात आधी आपली, जेवणाबरोबर त्यांची, असं ठरलं आहे. तुम्ही दोघांनी दोन्हींसाठी यायचं.

तुझाच,
फिर्मिन

ता. क. खरं काम राहिलंच. पेल्यात साखर चिरडायचा आईचा पितळी दांडा तुझ्याकडे आहे ना? येताना घेऊन ये. टिनेकेला द्यायचा आहे.

ता. क. २. जुन्या बाजारात तसाच आणखी एक दिसला तर तोही घे. इर्माने विचारलं तर एमेरांसआजींसाठी म्हणून सांग. लग्नानंतर रविवारी एकट्याला ती बिअर फार आंबट लागेल, असा माझा अंदाज आहे.